भिलार, पुस्तकांचं गाव: मुलांना घेऊन जाताय तर मुक्कामालाच जा

भिलारबद्दल शोधायला गेलं की दोनच प्रकारचं वाचायला मिळतं, एक म्हणजे "वा किती छान कल्पना" आणि दुसरं "अर्ध्या तासात बघून होतं, फोटो काढा, स्ट्रॉबेरी खा आणि पुढं महाबळेश्वरला जा". मला दोन्ही पटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ज्यांची मुलं पाचवी ते दहावीच्या दरम्यान आहेत आणि पुस्तक म्हटलं की तोंड वाकडं करतात त्यांनी तर नक्की वाचा, कारण आम्ही त्याच कारणासाठी गेलो होतो.

आधी माहिती, ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी. भिलार सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यात आहे, पाचगणीहून महाबळेश्वरकडं जाताना मेन रोड सोडून थोडं आत. 4 मे 2017 ला राज्य सरकारने हे पुस्तकांचं गाव म्हणून सुरू केलं, राज्य मराठी विकास संस्था ते बघते. सुरुवातीला गावातली 25 ठिकाणं आणि साधारण 15 हजार पुस्तकं होती, नंतर दोन्ही वाढली. ठिकाणं म्हणजे काय तर लोकांची राहती घरं, देऊळ, शाळा, लॉज असं सगळं. प्रत्येक ठिकाणी एक विषय. एका घरात बालसाहित्य, दुसऱ्यात इतिहास, कुठं कादंबऱ्या, कुठं कविता, कुठं संतसाहित्य, दिवाळी अंकांचं वेगळं, क्रीडा वेगळं, चरित्र-आत्मचरित्रं वेगळी. बाहेर बोर्ड असतो, भिंतींवर त्या त्या विषयाची चित्रं रंगवलेली आहेत (स्वत्व नावाच्या संस्थेच्या चित्रकारांनी ती काढली आणि फार मन लावून काढलीत, नुसती चित्रं बघत फिरायला पण मजा येते). आत जायचं, कपाटातलं पुस्तक काढायचं, बसायचं आणि वाचायचं. पैसे नाहीत. वाचून झालं की जागेवर ठेवायचं. पुस्तक बाहेर न्यायचं नाही. या शेवटच्या मुद्द्यावर मी परत येणार आहे कारण माझ्या मते सगळी गंमत तिथंच आहे.

ही कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून घेतलेली आहे, पण तिथं जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, लोक खरेदीला जातात. भिलारमध्ये तुम्ही दुकानात नाही, कुणाच्या तरी घरात बसता. पडवीत तुम्ही वाचत बसलेले असता आणि आत स्वयंपाकघरात फोडणी पडत असते, त्यांची नात शाळेतून येते, दप्तर टाकते, तुमच्याकडं बघून हसते आणि खेळायला जाते. लायब्ररीतली ती शांतता नाही इथं, घरातली शांतता आहे, आणि मुलांना हीच जास्त मानवते असं मला वाटलं. लायब्ररीत माझी लेक पहिल्या पाच मिनिटांत "चल ना आई" सुरू करते.

आता आमच्याबद्दल थोडं. लेक आठवीत आहे, कुस्ती खेळते. आम्ही कोल्हापूरचे म्हणजे घराण्यात आधीपासून तालीम आहेच, तिच्या आजोबांना तर कोण कौतुक. पण मागं एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरली आणि तेव्हापासून तालमीला जायचं म्हटलं की रोज नवीन कारण. पोटात दुखतंय, अभ्यास राहिलाय, मैत्रिणीचा वाढदिवस आहे. आणि वाचनाचं म्हणाल तर शाळेच्या पुस्तकाबाहेरचं एक पान नाही. मी स्वतः वाचणारी आहे, सासरे निवृत्त शिक्षक, घरात पुस्तकांना तोटा नाही, तरी नाही. वाढदिवसाला पुस्तक दिलं तर थँक्यू म्हणून कपाटात. बक्षीस लावून बघा, मोबाईल काढून घ्या, असले सल्ले लोक देतात पण मोबाईल काढून घेतल्यावर मूल पुस्तकाकडं जात नाही, छताकडं बघत बसतं. हे ज्यांनी केलंय त्यांना माहिताय.

तर भिलारला पोचल्यावर आम्ही एक केलं, तिला काही सुचवलं नाही. गावात फिर, पाहिजे त्या घरात जा, नाही आवडलं तर उठ, दुसरीकडं जा, एवढंच सांगितलं. गाव छोटं आहे, चालत फिरता येतं, मूल एकटं फिरलं तरी काळजी वाटत नाही. माझं म्हणणं आहे की ही गोष्ट घरी देताच येत नाही. घरी आपण पुस्तक आणून हातात देतो म्हणजे निवड आपलीच झाली. इथं पोरगी चित्रं बघत एका घरातून दुसऱ्या घरात गेली, कवितांच्या घरात बसून लगेच उठली, इतिहासाच्या घरात किल्ल्यांचे फोटो बघितले, बालसाहित्यात "हे लहान मुलांचं आहे" म्हणून पाय पण ठेवला नाही आणि फिरत फिरत क्रीडाच्या पुस्तकांपाशी गेली. तिथं कुस्ती दिसल्यावर थांबली. खाशाबा जाधवांवरचं पुस्तक होतं, जाड नाही, मोठ्या टायपातलं, मध्ये जुने ब्लॅक अँड व्हाईट फोटो. घेऊन बसली. मी लांबून बघत होते आणि मुद्दाम जवळ गेले नाही.

खाशाबांबद्दल आमच्याकडं कुणाला सांगायला लागत नाही, पण इतरांसाठी लिहिते. कराडजवळच्या गोळेश्वरचे, म्हणजे याच सातारा जिल्ह्यातले. कोल्हापुरात राजाराम कॉलेजला शिकले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले. मातीत खेळणारा पैलवान, तिथं पहिल्यांदा गादीवर उतरला, आणि सहावा आला. सहावा म्हणजे मेडल नाही. मग चार वर्षं परत तयारी. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर लोकांनी वर्गणी काढली आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथं त्यांनी ब्राँझ मेडल घेतलं, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक मेडल. त्यानंतर कुठल्याही भारतीय खेळाडूला वैयक्तिक मेडल मिळायला 1996 उजाडलं. आता 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

हे सगळं लेकीला थोडंफार माहीत होतं, तालमीत फोटो आहे त्यांचा. पण मेडलचं माहीत होतं, सहाव्या नंबरचं माहीत नव्हतं. संध्याकाळी मला विचारते, "आई, सहावा आल्यावर परत चार वर्षं कसं काय केलं असेल गं त्यांनी? तेव्हा तर माहीत पण नव्हतं ना पुढं मेडल मिळणारे का." मी काहीच उत्तर दिलं नाही खरं तर, म्हटलं वाच पुढं, त्यात असेल.

आणि इथंच तो पुस्तक बाहेर न्यायचं नाहीचा मुद्दा येतो. अंधार पडायला लागला, पुस्तक अर्धं झालेलं, आणि न्यायला परवानगी नाही. लेक रडकुंडीला आली. त्या घरातल्या आजी आल्या, काय झालं विचारलं, आणि म्हणाल्या, "अगं हितंच हाय की, कुठं जातंय? सकाळी ये लवकर, च्या प्यायलाच ये." मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, त्याची नीट उभी पट्टी केली, पुस्तकात खूण म्हणून घातली आणि पुस्तक कपाटात सगळ्यात कडेला उभं करून ठेवलं, म्हणजे सकाळी शोधायला लागू नये. सुट्टीत नऊशिवाय न उठणारी पोरगी दुसऱ्या दिवशी आमच्या आधी आंघोळ करून तयार. आजींच्या दारात जाऊन बसली, चहा घेतला, आणि पुस्तक संपवूनच उठली.

मी खूप विचार केला यावर. घरी असतं तर ते पुस्तक उशाशी पडलं असतं, उद्या वाचू म्हणून राहिलं असतं, उद्याचं परवा झालं असतं. इथं ते अर्धं राहिलं आणि हातातून गेलं, म्हणून त्याची ओढ लागली. ज्याला गोडी म्हणतात ती बहुतेक अशीच लागते, पोट भरून नाही तर थोडी भूक ठेवून. त्यामुळं जे लोक म्हणतात की पुस्तक विकत मिळत नाही, घरी नेता येत नाही तर उपयोग काय, त्यांना माझं सांगणं आहे की तोच उपयोग. फक्त त्यासाठी दुसरा दिवस हातात पाहिजे. म्हणूनच मुक्काम करा म्हणतेय. दुपारी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांना हे मिळणारच नाही, ते फोटो काढून जाणार आणि अर्ध्या तासात बघून होतं असं लिहिणार.

मुक्कामाचं पण सांगते. आम्ही पहिली रात्र पाचगणीत एका लॉजवर काढली (नाव घेत नाही) आणि तिथं रात्री उशिरापर्यंत खालच्या अंगणात स्पीकर लावून ग्रुपचा धांगडधिंगा, रूममध्ये दिवा एवढा मंद की वाचणं सोडा, बॅगेतलं सामान दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरळ भिलारमध्येच घरगुती राहायला गेलो. गावात बऱ्याच घरांनी खोल्या काढल्यात, साध्या आहेत, पंचतारांकित अपेक्षा घेऊन जाऊ नका. जेवण घरचं, पिठलं-भाकरी, खर्डा, ताजी भाजी, पण आधी सांगावं लागतं, ऐनवेळी जाऊन बसलात तर त्यांची धावपळ होते. काही घरं अशी आहेत की जिथं पुस्तकं आहेत तिथंच राहता येतं. तसं मिळालं तर सोडू नका, कारण रात्री जेवण झाल्यावर सगळे पर्यटक गेलेले असतात, थंडी पडलेली असते, गोधडी घेऊन आपण आणि पुस्तकांचं कपाट एवढंच उरतं. माझे स्वतःचे कितीतरी वर्षं राहिलेले दिवाळी अंक मी तिथं चाळले. नवरा वाचणारा नाही, तो पण एका जुन्या अंकातली शिकारकथा वाचत बसला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सासऱ्यांनी संतसाहित्याचं घर धरलं ते सोडलंच नाही. त्यांचा एक नेम आहे, निवृत्त झाल्यापासून रोज ज्ञानेश्वरीच्या ठराविक ओव्या वाचायच्या आणि वहीत अर्थ लिहायचा, आजारी असले तरी चुकवत नाहीत. तिथं त्यांना घरमालकांचे वडील भेटले, ते वारकरी, मग काय, दोघांची गाथा उघडून अशी काही बैठक जमली की जेवायला चार हाका माराव्या लागल्या. लेकीनं तेव्हा पहिल्यांदा आजोबांची ती वही नीट बघितली. घरी रोज समोर असते.

जाताना वाईवरून गेलात तर एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. वाई म्हणजे ढोल्या गणपती आणि घाट एवढंच नाही, मराठी विश्वकोशाचं काम या गावात झालंय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, 1960 च्या दशकात काम सुरू झालं, पहिला खंड यायला 1976 उजाडलं आणि विसावा खंड 2015 मध्ये पूर्ण झाला. तर्कतीर्थ 1994 मध्येच गेले होते. ज्यांनी सुरू केलं त्यांच्यानंतर दुसऱ्यांनी तेच काम नेटानं पुढं नेऊन संपवलं. पसरणी घाट चढताना गाडीत हे बोलणं निघालं आणि लेक म्हणाली एवढी वर्षं एकच काम? तिला ते पटेना. मला वाटतं असं न पटणं चांगलं असतं, डोक्यात राहतं.

आता कोणी जाऊ नये ते पण लिहिते. ज्यांना एक दिवसात पाचगणी, टेबल लँड, मॅप्रो, वेण्णा लेक आणि भिलार असं सगळं उरकायचंय त्यांनी भिलार वगळावं, उगाच लोकांच्या घरात शिरून दोन मिनिटात बाहेर पडणं त्या घरच्यांना पण बरं वाटत नसणार. लहान मुलं असतील तीन-चार वर्षांची तर त्यांना बालसाहित्याच्या घरात चित्रांची पुस्तकं दाखवा पण पानं फाटणार नाहीत याकडं लक्ष द्या, ते आपलंच काम आहे, घरमालकांचं नाही. आम्ही होतो तेव्हा एक कुटुंब आलं, पोरांनी पुस्तकं खाली पाडली, तशीच टाकून गेले, आणि आजी गुडघे धरत खाली बसून एकेक उचलत होत्या. फार वाईट वाटलं. ते लोक या कामाचं काही मागत नाहीत हो तुमच्याकडं, निदान पुस्तक जागेवर तरी ठेवा.

जास्त करून मराठीच वाचायला मिळेल हे धरून जा, आणि त्यात मला तरी काही कमी वाटलं नाही. इंग्लिश मीडियमच्या मुलांना सुरुवातीला वेग लागत नाही, माझ्या भाचीचं तसं झालं, जोडाक्षरं आली की अडखळते. तिला तिच्या मावशीनं म्हणजे मी मोठ्यानं वाचून दाखवलं, एक पान मी एक पान ती, आणि तिसऱ्या गोष्टीला ती म्हणाली आता मी एकटी वाचते. अडखळलं तर हसू नका आणि लगेच दुरुस्त पण करू नका, एवढं पाळलं तर गाडी पुढं जाते.

परत आल्यावर काय झालं हे खरं महत्त्वाचं, नाहीतर सहलीचा जोर दोन दिवसात उतरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही आल्या आल्या लेकीला करवीर नगर वाचन मंदिरात नेलं, 1850 सालचं वाचनालय आहे हे, आमच्या कोल्हापूरचं वैभव, आणि तिच्या स्वतःच्या नावानं सभासद केलं. माझ्या कार्डावर नाही. पुस्तक ती निवडते, तीच बदलून आणते, मी बघत पण नाही काय आणलं. भिलारचा तो अर्ध्यावर थांबण्याचा प्रकार आम्ही घरी चालू ठेवलाय, रात्री जेवण झाल्यावर सगळे बसतात, नवरा पेपर घेऊन का होईना पण बसतो, आणि वेळ झाली की पुस्तकं बंद, गोष्ट कितीही रंगात आली असली तरी. सुरुवातीला चिडायची. आता दुपारी शाळेतून आल्यावर गुपचूप पुढची पानं वाचून टाकते, तिला वाटतं मला कळत नाही. एक जाडजूड कादंबरी आणली होती ती अर्ध्यात सोडली, सोडू दे. सगळी पुस्तकं सगळ्यांसाठी नसतात, आणि चिकाटी म्हणजे नावडतं पुस्तक ओढूनताणून संपवणं असं मी तरी मानत नाही.

तालीम सुरू आहे. पुस्तक वाचलं आणि लगेच जिंकायला लागली असलं काही सांगणार नाही, तसं होत पण नाही. मध्ये एका स्पर्धेत परत हरली, या वेळी दुसऱ्या फेरीत. घरी आली, गप्प होती, जेवली. मग वहीत काहीतरी लिहित बसली, आजोबांसारखी तिनं पण वही केलीये, कोणता डाव कुठं चुकला ते लिहिते, मी एकदा विचारलं तर "वस्तादांनी सांगितलंय" म्हणाली आणि आजोबा हळूच हसले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा अलार्म वाजला, मी उठवलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी शेवटी कामाच्या गोष्टी. कोल्हापूर-सांगलीकडून येणार असाल तर साताऱ्याच्या पुढं पाचवड फाट्यावरून वाई, मग पसरणी घाट, पाचगणी आणि भिलार. साताऱ्याहून मेढा-केळघर मार्गे पण जाता येतं, रस्ता सुंदर आहे पण ज्यांना घाट लागतो त्यांनी वाईवरूनच जावं. पुण्याकडून सुरूर फाटा. गाडी नसेल तर वाईहून महाबळेश्वरला जाणारी एस.टी. पाचगणीवरून जाते, तिथं उतरून वडाप (म्हणजे शेअर जीप) किंवा टॅक्सी बघा. स्ट्रॉबेरीचा हंगाम थंडी सुरू झाल्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत, तेव्हा गाव छान दिसतं पण शनिवार-रविवारी गर्दी असते, त्यामुळं जमलं तर मधल्या वारी जा. पावसाळ्यात धुकं एवढं असतं की पुढची गाडी दिसत नाही, रात्रीचा घाट टाळा, पण पावसात पोचलात तर वाचायला त्याच्यासारखा मुहूर्त नाही. स्वेटर न्या, चष्मा विसरू नका, मुलांना एक कोरी वही द्या.

आणि ज्यांना महाबळेश्वर लांब पडतं त्यांच्यासाठी, सरकारने ही योजना आता पुढं वाढवलीये, वेरूळ, गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध, सांगली जिल्ह्यातलं अंकलखोप आणि सिंधुदुर्गातलं पोंभुर्ले, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव, अशी पुस्तकांची गावं झालीत. आम्हाला अंकलखोप जवळ आहे, शेजारच्या औदुंबरला दत्ताचं दर्शन आणि अंकलखोपला वाचन असा बेत चाललाय, कुणी जाऊन आलं असेल तर राहायची सोय कशी आहे ते नक्की सांगा.